माझे चार कान

मी एक कुत्रा बोलतोय. दचकू नका. चावायला मला दात नाहीत, भुंकायला घसा नाही, आणि पाय चार असले तरी त्यांत लाकडी दांडके आहेत, त्यामुळे तुमच्या मागे धावण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या पोटात काथ्या आहे, फोमचे तुकडे आहेत आणि वजन राहावं म्हणून तळाला थोडा भुसा आहे. त्या भुशावरूनच माझं नाव भुश्या पडलं. नावाला मी हरकत घेतली नाही, कारण मला कोणी विचारलंच नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे अशी आहे जी कुठल्याही खऱ्या कुत्र्याकडे नाही. मला कान चार आहेत. दोन उभे, दोन लोंबते. दोन डोक्यावर असतात आणि उरलेले दोन डब्यात. ते चार कसे झाले आणि त्यांच्यामुळे एका बिल्डिंगमध्ये काय गोंधळ उडाला, तेच सांगायला बसलोय. बसलोय म्हणजे उभाच आहे. मला बसता येत नाही.

माझा जन्म सोफे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातला. शेजारी जनावरांचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरबाई एक दिवस दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "लोकांना कुत्र्याची निगा राखायला शिकवायचंय. कान कसे पुसायचे, तोंडाला जाळी कशी घालायची, पट्टी कशी बांधायची. पण खरं कुत्रं बिचारं किती वेळ उभं राहणार? तुम्ही मला एक खोटं करून द्या."

"देतो की," सोफेवाले म्हणाले. "उद्या."

सोफेवाल्यांचा 'उद्या' कधी उगवतो हे ज्यांनी कोच शिवायला टाकलाय त्यांना विचारा. माझ्या वेळी तो पुष्कळ उशिरा उगवला. पण उगवला तेव्हा झकास उगवला. अंगाला कुठल्याशा ऑफिसातल्या जुन्या सोफ्याचं तपकिरी कॉर्डरॉय, पोटाला दातांच्या दवाखान्यातल्या बाकड्याचं हिरवं रेक्झिन, डोळ्यांना कोटाची काळी बटणं. दाभणाने शिवलंय मला, पक्कं. आजवर पोटाची शिवण उसवलेली नाही.

आकारासाठी त्यांनी नमुना घेतला तो स्वतःच्या कुत्रीचा. तिचं नाव उशी. ती दिवसभर शिलाईच्या टेबलाखाली पसरलेली असायची. सोफेवाले टेप घेऊन वाकायचे, तिच्या छातीचं माप घ्यायचे, आणि मानेपर्यंत पोचायच्या आत ती घोरायला लागायची. उशीचं डोकं रुंद, मान जाड, छाती भरदार. म्हणून माझंही तसंच झालं. म्हटलं तर मी तिचा भाऊ, म्हटलं तर तिचा फोटो.

कानांवर गाडी अडली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लोंबत्या कानांत मळ साचतो, हवा लागत नाही. उभ्या कानांचं वेगळं असतं. मला दोन्ही शिकवायचेत."

"मग दोन कुत्रे करू?"

"ठेवू कुठे? माझ्या डोक्यावर?"

सोफेवाल्यांनी डोकं खाजवलं, खण उघडला आणि उशांच्या कव्हरांना लावतात ती टिचबटणं काढली. टिक् केलं की कान लागला, टिक् केलं की निघाला. तेव्हापासून सकाळी उभे, दुपारी लोंबते, जसा धडा असेल तसे कान मी घालू लागलो.

दवाखान्यात माझी जागा दारापाशी, बाकांच्या समोर. तिथून माणसं फार छान दिसतात. कुत्र्याचा पाय दुखत असेल तर तो दाखवताना मालक स्वतः लंगडत आत येतो. कुत्र्याला जुलाब झाले की मालकीण म्हणते, "आम्हाला कालपासून बरं नाही." आणि प्रत्येकाचं कुत्रं सगळं समजतं, फक्त बोलत नाही एवढंच. हे मी इतक्यांदा ऐकलंय की मला वाटायला लागलं, मीही सगळं समजतो. बघा, बोलायला तर लागलोय.

पण सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य वेगळंच. कुणाचं तरी कुत्रं दुसऱ्याच्या मांडीवर पाय ठेवतं, कुणाच्या पिशवीत नाक खुपसतं, कुणाच्या अंगावर झेपावतं, आणि मालक लांबून हसत म्हणतो, "काही करत नाही हो तो!" समोरचा भिंतीला चिकटलेला असतो, त्याची पाचावर धारण बसलेली असते, आणि ह्यांचं आपलं चालूच, काही करत नाही. अहो, पण त्याने जे केलं ते झालंच की करून!

आणखी एक गंमत मला दिसायची, आणि ती बराच काळ फक्त मलाच माहीत होती. डोक्याला लोंबते कान असले की लोक मला बघून विरघळायचे. "अगं बाई, किती गोड!" म्हणत वाकायचे, डोक्यावर थापट्या मारायचे, गाल धरून तोंडाला तोंड लावायचे. उभे कान असले की तेच लोक दोन बाकं सोडून बसायचे. कुत्रा तोच, भुसा तोच. मला हसू यायचं, पण माझं तोंड शिवलेलं.

हळूहळू माझ्या डोक्याचं कापड विरलं. सोफेवाले एकदा मला ठीकठाक करायला घेऊन गेले. त्यांना झिजलेलं कापड वाचायची सवय आहे. सोफा आला की ते आधी त्याच्याभोवती फिरतात आणि म्हणतात, "इथे सगळे एकाच कोपऱ्यात बसतात, म्हणजे टीव्ही तिकडे." किंवा, "ह्याचा फक्त हात झिजलाय. कुणीतरी बसून वाट बघत असतं बरं का." माझ्या टाळूवरून बोट फिरवून ते म्हणाले, "भुश्या, तुला सगळे डोक्यावरच हाणतात की रे." त्यांनी नवं कापड लावलं आणि विसरून गेले.

आता उशीबद्दल. ती सोफेवाल्यांना एका फर्निचरच्या गोदामात सापडली होती, फाटक्या गादीवर झोपलेली, हाताएवढीशी. तिची आई कोण, बाप कोण, काही पत्ता नाही. वाढत वाढत ती एवढी झाली की दारातून वळताना चौकटीला घासायची. दुकानाच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये सोफेवाले राहतात, तिसऱ्या मजल्यावर. घरात ते आणि त्यांची बायको. बायको बस चालवते, म्हणून तिला सगळी बिल्डिंग ड्रायव्हरबाई म्हणते. मूलबाळ नाही. ड्रायव्हरबाई ड्यूटीवरून आल्या की बूट काढायच्या आधी जमिनीवर बसायच्या आणि उशी त्यांच्या मांडीवर डोकं टाकायची. तिला दिवसभराचं सगळं सांगायच्या, कोण भांडलं, कोण मध्येच आडवं आलं, कुठे गाडी बंद पडली. नवऱ्याला त्यातलं निम्मंही कळत नसे.

पण जिन्यात उशी मोकळी सुटायची. सोफेवाले वरून दार उघडायचे आणि ती धडधडत खाली. दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहतात, एकटे. लहानपणी त्यांना कुत्रं चावलं होतं; पोटरीवर खूण आहे अजून. भाजीची पिशवी छातीशी धरून ते जिन्याच्या कोपऱ्यात उभे राहायचे, डोळे मिटून. आणि वरून आवाज यायचा, "आजोबा, काही करत नाही हो ती!" बाकी सगळ्या बाबतीत देवमाणूस, पण ह्या एका वाक्याच्या बाबतीत आमचे सोफेवालेही त्यातलेच.

मग ती भानगड झाली.

बिल्डिंगच्या सेक्रेटरींची मोठी बहीण त्यांच्याकडेच राहते. सगळे तिला ताई म्हणतात. बाई बडबडी, हसरी, रस्त्यातल्या प्रत्येक जनावराशी बोलणारी. बाजारापलीकडच्या गल्लीत एका दुकानाबाहेर बांधलेलं कुत्रं तिच्या हाताला चावलं. चांगलं चावलं, टाके पडले. सेक्रेटरी माणूस तसा वाईट नाही. पण बहिणीचा तो हात बघून त्यांचा जीव वरखाली झाला. त्यांनी विचारलं, "कुत्रा कसला होता?" ताई म्हणाली, "मोठा होता रे. डोकं असं रुंद."

संध्याकाळी बिल्डिंगच्या फळ्यावर सूचना लागली. रुंद डोक्याचे, जाड जबड्याचे धोकादायक जातीचे कुत्रे पाळायला बंदी; ठराव येत्या सभेत; मंजूर झाला की महिन्याच्या आत कुत्रं बाहेर. बिल्डिंगमध्ये कुत्री पुष्कळ होती, पण रुंद डोक्याची एकच.

डोकं किती रुंद असलं की धोकादायक, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. म्हणून सेक्रेटरी आणि खजिनदार माप घ्यायला दुकानात आले, आणि टेप आणायला विसरले. सोफेवाल्यांकडेच टेप मागितला! त्यांनी मुकाट्याने दिला. मी त्या दिवशी शेपटीच्या दुरुस्तीसाठी तिथेच होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. उशी मापाला सरावलेली, ती लगेच झोपली. आकडा आला. आता तो मोठा की छोटा, हे कसं कळणार? ताडून बघायला म्हणून खजिनदारांनी गमतीत टेप स्वतःच्या डोक्याला लावला, तर तो जास्त भरला. टेप गुंडाळून दोघे निघून गेले.

त्या वेळी मला गंमत वाटली. पण दोघे गेल्यावर सोफेवाले टेबलाला टेकून उभे राहिले, आणि मग खाली बसून त्यांनी उशीच्या मानेवर हात ठेवला. माझ्या बटणांच्या डोळ्यांना पाणी येत नाही, हे किती बरं आहे ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं दवाखान्यात आली.

"डॉक्टर, तुम्ही लिहून द्या ती त्या जातीची नाही म्हणून," सोफेवाले म्हणाले.

"ती कुठल्या जातीची आहे ते मला माहीत नाही, तुम्हाला नाही, तिला तर नाहीच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मी असं लिहून दिलं तर उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी कुत्र्याला घालवतील. त्या जातीचे असतात त्यांनी काय घोडं मारलंय?"

"पण ती काही करत नाही हो!"

"हे वाक्य," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजपासून बंद. ह्याच्यामुळेच तुमच्यावर ही वेळ आलीय. ते आजोबा भिंतीला चिकटतात तेव्हा तुम्ही काय करता? वरून ओरडता. कुत्री चांगली आहे, मान्य. मालक कसे आहेत?"

ड्रायव्हरबाई एकदम म्हणाल्या, "मी ह्यांना किती वर्षं सांगतेय! बस कितीही चांगली असली तरी ब्रेकवर पाय लागतो, उतारावर सोडून देत नाही कुणी."

मग शिकवणी सुरू झाली, उशीची कमी आणि सोफेवाल्यांची जास्त. घरातून निघतानाच गळ्यात पट्टा, हातात दोरी. जिन्यात कुणी आलं की उशीने बाजूला बसायचं आणि माणूस जाईपर्यंत उठायचं नाही. तोंडाची जाळी कशी घालायची ते आधी माझ्या तोंडावर शिकले सोफेवाले. पहिल्यांदा उलटी घातली. दुसऱ्यांदा माझा डोळाच त्या पट्ट्यात अडकला. डॉक्टरबाईंनी जाळीच्या आत चीजचा तुकडा ठेवायला सांगितलं, म्हणजे कुत्र्याला ती शिक्षा वाटत नाही. उशीला ती इतकी आवडली की चार-सहा दिवसांत ती स्वतःच जाळी तोंडात धरून ड्रायव्हरबाईंच्या मागे फिरायला लागली. लस टोचून झाली होतीच, नसबंदीही झाली होती. तेवढं सोफेवाल्यांनी पहिल्यापासून नीट केलं होतं.

सभेच्या दिवशी डॉक्टरबाई मला कवेत उचलून घेऊन गेल्या. उशीला नेलं नाही. "घाबरलेल्या माणसांच्या घोळक्यात कुत्रं नेत नाहीत," त्या म्हणाल्या. "भुश्या पुरेसा आहे." आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला पुरेसा म्हटलं होतं.

बिल्डिंगच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. सेक्रेटरींनी सुरुवात केली. "ताई, हात वर कर," ते म्हणाले. ताईने बँडेज बांधलेला हात वर केला. हॉलमध्ये चुकचुकाट झाला. "आणखी काही सांगायला हवं का? उद्या हे आपल्या जिन्यात झालं तर?"

आजोबा पुढच्याच खुर्चीत होते. ते पोटरीवरून हात फिरवत राहिले.

डॉक्टरबाई उठल्या. "मी भाषण करणार नाही," त्या म्हणाल्या. "एक खेळ खेळू. सगळ्यांनी एकेक करून यायचं आणि ह्या कुत्र्याला भेटायचं. खरा आहे असं समजून."

मी टेबलावर, लोंबते कान घालून. लोक हसत हसत उठले. अहो, काय सांगू! पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी माझं तोंड दोन्ही हातांत धरून नाकाचा मुका घेतला. एकाने मागून येऊन शेपटी ओढली. खजिनदारांनी टाळूवर टप् टप् थापट्या मारल्या. कुणी कान पिरगाळला, कुणी गळ्यात पडलं. सेक्रेटरींनीही जाता जाता डोक्यावर एक हाणून "काय रे गुलामा" म्हटलं. नवं कापड पार चुरगळलं.

"आता दुसरी फेरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. सोफेवाले पुढे आले. टिक्, टिक्, टिक्, टिक्. उभे कान.

काय आश्चर्य, हॉलमधला आवाजच बसला. काकू हातभर लांब थांबल्या. "बांधलाय ना?" खजिनदारांनी विचारलं, मी भुशाचा आहे हे ठाऊक असून! लोक समोरून यायचं सोडून जरा बाजूने आले. डोळ्याला डोळा भिडवला नाही. हात अंगालगत ठेवले. एकाने तर चक्क विचारलं, "हात लावला तर चालेल का?" मग खांद्यापाशी बोटं टेकवून तो हळूच मागे सरकला.

सगळे बसल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुसऱ्या फेरीत तुम्ही जसे वागलात तसंच कुत्र्याशी वागायचं असतं. विचारून, बाजूने, सावकाश. आणि पहिल्या फेरीत जे केलंत ना, मागून येणं, डोक्यावर वरून हात आणणं, तोंडाला तोंड लावणं, त्याने कुठलंही कुत्रं बिथरेल. लहान असो, मोठं असो, गोड असो नाहीतर राकट. ज्याची भीती वाटते त्याच्याशी तुम्ही शहाण्यासारखे वागता. आणि ज्याच्यावर प्रेम येतं त्याच्याशी कसं वागलात ते आत्ताच पाहिलं."

तेवढ्यात ताई खुदकन हसली.

"म्हणजे मी पहिल्या फेरीतली," ती म्हणाली. आणि उठून सरळ माझ्यापाशी आली. "हे बघा, तो असा बांधलेला होता, एवढ्याशा दोरीने. वाडग्यात खात होता. मी आपली मागून गेले, 'माझं सोनं ते' म्हणून असं धरलं." तिने चांगल्या हाताने माझी मान कवटाळली. "दिवसभर तिथेच बांधून ठेवतात म्हणे त्याला. उन्हात. मीही चावले असते."

"ताई!" सेक्रेटरी म्हणाले. "तू तर मला रुंद डोक्याचा होता म्हणालीस."

"होताच रुंद डोक्याचा. तू कुत्रा कसला एवढंच विचारलंस. मी काय करत होते ते विचारलंस का?"

सेक्रेटरींच्या कानशिलांवर लाली चढली. पण ते हटणारे नव्हते, आणि त्यांनी जे विचारलं ते बरोबर होतं. "डॉक्टर, मोठं कुत्रं चावलं तर लागतं जास्त, हे तरी खरं ना?"

"अगदी खरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून मोठ्या कुत्र्याच्या मालकाने दुप्पट काळजी घ्यायची. ती घेतली नाही तर त्याला धरा, माझी ना नाही."

सगळ्यांच्या माना सोफेवाल्यांकडे वळल्या. त्यांना चारचौघांत बोलायचं म्हणजे घाम फुटतो. ते उठले, माझ्याकडे बघूनच बोलायला लागले. "मी म्हणायचो, काही करत नाही ती. आजोबा, तुम्ही तिथे उभे असायचात आणि मी वरून ओरडायचो. ते चुकलं माझं. आता जिन्यात ती दोरीशिवाय दिसली तर तुम्ही मला बाहेर काढा. तिला नका काढू." हातांना काहीतरी काम हवं म्हणून ते माझे कान बदलायला लागले आणि त्या गडबडीत एक कान उभा राहिला, एक लोंबता लागला.

सेक्रेटरी ठराव मांडायला उभे राहिले. "तर, धोकादायक दिसणाऱ्या जातीच्या..." म्हणता म्हणता त्यांची नजर माझ्यावर गेली. एक कान वर, एक खाली. ते थांबले. माझ्या उजव्या बाजूला बघितलं, डाव्या बाजूला बघितलं.

"ह्याला काय करायचं?" मागून कुणीतरी विचारलं. "अर्धा ठेवायचा?"

आधी काकू हसल्या, मग खजिनदार, मग सगळा हॉल. शेवटी सेक्रेटरींनीही कपाळाला हात लावला आणि हसू आवरता आवरेना म्हणून खाली बसले.

ठराव बदलला. जातीचं नाव नाही, डोक्याचं माप नाही. कुत्रं कुठलंही असो, जिन्यात आणि आवारात दोरी हवी, लस हवी, कुत्र्याला दिवसदिवस बांधून ठेवायचं नाही, आणि कुणाला त्रास झाला तर मालकाने सभेपुढे उत्तर द्यायचं. शिवाय दर महिन्याला डॉक्टरबाईंची शिकवणी, कुत्री असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही. "ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा," सेक्रेटरी म्हणाले.

पहिला हात वर गेला तो बँडेजचा. मग बाकीचे गेले. ड्रायव्हरबाईंनी दोन्ही हात वर केले. एकच मोजला जातो हे त्यांना सांगावं लागलं. त्या रडत होत्या आणि रडतच सगळ्यांवर खेकसत होत्या.

एक हात मात्र वर गेला नाही. आजोबांचा. "ठराव चांगला आहे," ते म्हणाले. "पण मला भीती वाटते. ती काही हात वर करून जायची नाही."

सेक्रेटरींनी त्यांचं मत वेगळं लिहून घेतलं.

उशी राहिली. सोफेवाल्यांनी शब्द पाळला. आजोबांची चाहूल लागली की ते तिला घेऊन वरच्या पायरीवरच थांबायचे, आजोबा घरात शिरेपर्यंत. 'काही करत नाही' हे वाक्य पुन्हा त्यांच्या तोंडून निघालं नाही. एकदा जिभेवर आलं होतं, पण शेजारी ड्रायव्हरबाई उभ्या होत्या.

आणि मग एक दिवस, बाकं रिकामी असताना, आजोबा दवाखान्यात आले. बरोबर जनावर नाही, काही नाही. बाकावर बसले. माझ्याकडे बघत राहिले. माझे उभे कान होते. जाताना माझ्या बाजूला आले आणि दोन बोटं माझ्या खांद्याला लावून झटकन काढून घेतली. मी हललो नाही. हा माझा एक मोठा गुण आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. भाजी आणायला जाताना दवाखाना त्यांच्या वाटेवरच लागतो. आधी बोटं, मग तळवा, मग सबंध हात. कधी लोंबते कान, कधी उभे; त्यांनी कानांकडे बघणं सोडून दिलं. डॉक्टरबाईंनी त्यांना एका शब्दानेही टोकलं नाही. फक्त बाकावर त्यांची जागा राखून ठेवायला लागल्या. उन्हाळा गेला, पाऊस झाला, थंडी पडली, आजोबा येतच होते. मला कधी कोणी इतकं नेमाने भेटायला आलेलं नाही.

अखेर एका संध्याकाळी सोफेवाले उशीला घेऊन दवाखान्याच्या दाराशी थांबलेले असताना आजोबा पिशवी खाली ठेवून उठले. बाजूने, सावकाश गेले. घसा खाकरला.

"हात लावू का हिला?"

सोफेवाल्यांनी उशीकडे पाहिलं. तिने शेपटी दोनदा आपटली. "लावा," ते म्हणाले, "खांद्याजवळ."

"माहीत आहे मला," आजोबा म्हणाले. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला नाही. उशीने अंग हळूच त्यांच्या गुडघ्याला टेकवलं. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही, कारण आता दोन्ही हात उशीवर होते.

आता माझंही वय झालंय. एका पायातला दांडका सैल झालाय, शेपटी तिसरी आहे, टिचबटणं दोनदा बदलली. दर महिन्याला ड्रायव्हरबाई मला कुठल्या ना कुठल्या शाळेत, ऑफिसात, दुसऱ्या कुठल्या सोसायटीत घेऊन जातात आणि डॉक्टरबाई तोच खेळ खेळतात. पहिल्या फेरीत लोक अजूनही माझ्या डोक्यावर हाणतात. दुसऱ्या फेरीत शिकतात. बाजारापलीकडच्या गल्लीतही आम्ही जाऊन आलो. तिथलं ते कुत्रं आता सावलीत असतं, लांब दोरीने, आणि ताई त्याला लांबूनच "माझं सोनं ते" म्हणते.

उशी म्हातारी झालीय. तिला जिना चढवत नाही. आजोबांनाही चढवत नाही. दोघं मधल्या पायरीवर एकत्र दम खातात आणि सोफेवाले दोरी धरून उभे असतात.

गेल्या आठवड्यात सोफेवाल्यांनी मला पुन्हा टेबलावर घेतलं. सवयीप्रमाणे माझ्याभोवती फेरी मारली. टाळूवर हात फिरवला. कापड थोडं विटलंय, पण धड आहे. मग त्यांचं बोट माझ्या डाव्या खांद्यापाशी आलं. तिथलं कॉर्डरॉय पार गुळगुळीत झालंय, रेघा बुजल्यात, आतलं अस्तर दिसतंय. त्यांनी नवं कापड कापायला कात्री उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"एवढं राहू दे," ते म्हणाले.

तेव्हा मंडळी, कधी भेट झालीच तर माझ्या कानांवर जाऊ नका, ते काढता येतात. खऱ्या कुत्र्याला हात लावायचा असेल तर आधी त्याच्या माणसाला विचारा. आणि मला हात लावायचा असेल तर डाव्या खांद्यापाशी लावा. जागा लगेच सापडेल. आजोबांनी करून ठेवलीय.